एअर फ्रायरमधली खेकडा भजी: कांदेनवमीच्या आत जमतील का?

चिमूटभर_हिंग (गुरुवार, रात्री १०.१२)

आज आषाढ लागला. पुढच्या शुक्रवारी कांदेनवमी. त्यानंतर आमच्या घरात चार महिने कांदा येत नाही. सासूबाई चातुर्मास पाळतात, आणि त्या पाळतात म्हणजे सगळं घर पाळतं. त्यामुळे नवमीला कांद्याचा नुसता दणका असतो. कांद्याची थालीपीठं, भरले कांदे, कांदेभात आणि मुख्य म्हणजे परातभर खेकडा भजी. झाऱ्यात गोळा होणारा चुरा सासूबाईंचा. त्यावर नातवंडंसुद्धा हात टाकत नाहीत.

यंदा अडचण अशी की मार्चमध्ये त्यांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले तळण कमी करा, यांनी बंदच केलं. (त्यांना 'कमी' हा प्रकार जमत नाही. चहातली साखरही अशीच एका दिवसात सुटली होती.) इकडे दिवाळीत नवऱ्याच्या ऑफिसातून मिळालेला एअर फ्रायर ओट्यावर शोभेला उभा. त्यात आजवर शेंगदाणे आणि रताळी यापलीकडे काही गेलेलं नाही. मी उत्साहाच्या भरात बोलून बसले, "आई, या वर्षी भजी यात करू." त्यांनी चष्म्यावरून यंत्राकडे पाहिलं. "कर बाई. पण नवमीला मला भजी पाहिजेत, बिस्किटं नकोत."

आज पहिला घाणा काढला. नेहमीसारखंच पीठ भिजवलं, नेहमीसारखीच बोटांनी भजी सोडली, फक्त तेलाऐवजी जाळीवर. १८० अंश, १५ मिनिटं. उघडून बघते तर पीठ जाळीच्या भोकांतून खाली ओघळलेलं आणि तिथेच वाळलेलं. वडाच्या पारंब्याच! वर उरलेला कांदा टोकांना काळा, मध्ये पांढराफटक. टूथपिकने एकेक भोक साफ करत अर्धा तास गेला.

आठ दिवस आहेत. कुणाला जमलंय का? "मस्त होतात, करून बघा" एवढंच लिहू नका, माप आणि वेळ लिहा.

---

कढईभक्त (गुरुवार, रात्री १०.३१)

ताई, आषाढात आखाड तळतात. आखाड 'एअर फ्राय' करतात असं आमच्या आजीने तरी कधी सांगितलं नव्हतं.

---

पोह्याचा_पापड (गुरुवार, रात्री १०.४०)

बटर पेपर घाला खाली. पारंब्या येणार नाहीत. हाय काय अन् नाय काय.

---

गिरगावची_काकू (शुक्रवार, सकाळी ७.०५)

आधी मला एक सांग, पिठात पाणी घातलं होतंस का? 'नेहमीसारखंच भिजवलं' म्हणालीस तिथेच पाल चुकचुकली. खेकडा भजीला पाणी लागतच नाही. कांदा उभा, पातळ चिरायचा. देठापासून मुळाकडे, आडवा नाही. आडवा चिरला की चकत्या सुटतात, उभ्या चिरण्याने लांब पाकळ्या मिळतात आणि त्याच मग खेकड्याच्या नांग्यांसारख्या बाहेर येतात. त्याला मीठ लावून हाताने चुरायचा आणि पंधरा-वीस मिनिटं झाकून ठेवायचा. मिठाने जे पाणी सुटतं, त्यातच बेसन भिजतं. आमच्या आईच्या लेखी पाणी घालणारी सून म्हणजे गोल भजीवाली सून, आणि तो काही कौतुकाचा शब्द नव्हता.

कढईत थोडं पाणी जास्त झालं तरी खपून जातं. तुमच्या त्या डब्यात खपणार नाही असं वाटतं.

---

चिमूटभर_हिंग (शनिवार, दुपारी १.२०)

काकू, पकडलंत. दोन चमचे पाणी घातलं होतं. सवय.

आज दुसरा प्रयोग. पाणी अजिबात नाही, काकूंच्या पद्धतीने. आणि पापडराव, तुमचा बटर पेपर. आधी मशीन तापवून घ्या असं पुस्तिकेत लिहिलंय म्हणून मी शहाणीने कागद आत ठेवून नुसतंच तापवायला लावलं. दोन मिनिटांत जळका वास. कागद वाऱ्याने उडून वरच्या कॉइलला चिकटला होता! नशीब, फक्त कोपरा करपला. स्वच्छ करून, कागदावर भजी ठेवून पुन्हा लावलं. पारंब्या आल्या नाहीत हे खरं. पण भजी वरून कडक, खालून लिबलिबीत. उलटली तर कागदाचा तुकडा सोबत आला.

सासूबाईंनी एक खाल्लं आणि विचारलं, "हे वाफवलंयस का?"

---

अंबाडा (शनिवार, दुपारी ३.४५)

कागद तापवताना रिकामा ठेवायचा नसतो. त्यावर वजन असेल तरच ठेवायचा. पण भज्यांसाठी कागदच नको. का नको ते सांगतो, थोडं लांबेल. (मी यंत्र अभियंता. जेवणाच्या टेबलावर घरचे मला बोलू देत नाहीत, म्हणून इथे.)

एअर फ्रायर या नावाने सगळा घोळ घातलाय. त्यात 'फ्राय' काहीच होत नाही. वर कॉइल, त्यावर पंखा आणि खाली छोटीशी बंद जागा. म्हणजे वाऱ्याची भट्टी. फिलिप्सने २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात पहिल्यांदा या नावाने यंत्र आणलं आणि नाव चिकटलं. हवा वरून येते, टोपलीच्या जाळीतून खाली जाते आणि कडेने परत वर येते. तुम्ही खाली कागद अंथरलात की तो रस्ताच बंद. म्हणून वर भाजलं, खाली वाफलं. सासूबाईंचं निदान तंतोतंत बरोबर आहे.

आता मुख्य फरक. १८० अंशाच्या ओव्हनमध्ये हात घालून आपण ट्रे बाहेर काढतो, काही होत नाही. १८० अंशाच्या तेलात बोट घालून बघा. (नका बघू.) तापमान तेच, पण तेल उष्णता कितीतरी झपाट्याने देतं. भजं तेलात पडल्या पडल्या बाहेरचं पीठ काही सेकंदांत आवळतं, आतल्या पाण्याची वाफ जोराने बाहेर पडते (ते बुडबुडे म्हणजे तीच वाफ), आणि पाणी गेलं तिथे थोडं तेल शिरतं. कुरकुरीतपणा आणि खमंग चव, दोन्ही यातून येतं. हवेत ठेवलेल्या भज्याचं पीठ आवळायला दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात ते ओघळतं. आणि तेल कुठून येणारच नाही, म्हणून कोरडं, पिठूळ राहतं.

यातून निघणाऱ्या गोष्टी:

ओघळायला पीठच सैल नको. म्हणजे काकूंचं बरोबर.

गोळा नको. गोळ्याच्या मध्यापर्यंत उष्णता पोचेस्तोवर बाहेरचा कांदा कोळसा होतो. कांद्यात साखर भरपूर असते, ती लवकर करपते.

आणि जे तेल बाहेरून मिळणार नाही ते आतून द्या. पिठातच घाला. वरून फवारा मारून भागणार नाही.

---

कढईभक्त (शनिवार, दुपारी ४.०२)

म्हणजे अंबाडाशेठ, एवढं सगळं करून शेवटी तेल घालायचंच. मग कढई काय वाईट होती?

---

अंबाडा (शनिवार, दुपारी ४.१५)

कढईत अर्धा-पाऊण लिटर ओतता, यात दोन टेबलस्पून. एका टेबलस्पूनमध्ये साधारण १४ ग्रॅम तेल, १२० कॅलरी. चौघांत दोन टेबलस्पून म्हणजे माणशी ६०. शिवाय तळून उरलेल्या तेलाचं काय करता ते विचारत नाही. झाकून ठेवून पुढच्या रविवारी पुन्हा, बरोबर? एफएसएसएआयने (केंद्र सरकारची अन्नसुरक्षा संस्था) १ जुलै २०१८ पासून हॉटेलांना त्यावर मर्यादा घातली आहे. तेलातले पोलर घटक (तेल पुन्हा पुन्हा तापवून बिघडलं की वाढतात ते) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही. घरात कोण मोजतो?

---

कढईभक्त (शनिवार, दुपारी ४.१८)

उरलेल्या तेलाची आमच्याकडे फोडणी होते. पण मुद्दा पोचला.

---

निफाडचा_गडी (शनिवार, रात्री ९.५०)

तुम्ही मशीनचं बोलताय, पिठाचं बोलताय, कांद्याचं कुणीच बोलेना. आमचा जन्म त्यात गेला म्हणून चार ओळी.

आत्ता बाजारात जो येतोय तो चाळीतला उन्हाळ कांदा. मार्च ते मे काढलेला, सुकवून कांदाचाळीत भरलेला. त्याच्यात पाणी कमी, साल दोन-तीन पदरी, रंग विटकरी फिका. भज्याला हाच. दिवाळीच्या आसपास नवा लाल येतो, आम्ही पोळ म्हणतो. तो दिसायला देखणा, पण पाणी जास्त आणि टिकत नाही. त्याची भजी कढईत चालतील, तुमच्या मशीनमध्ये त्याच मापाने केली तर बेसन दीडपट लागेल. मग ती बेसनाची भजी, कांद्याची नाही. त्यामुळे कुणी हा धागा डिसेंबरात वाचून करायला घेतला तर माप बदलायचं हे ध्यानात ठेवा.

घेताना मानेला अंगठ्याने दाबून बघायचं. मऊ लागली तर आत सड सुरू झालेली असते, वरून कितीही चकाकू दे. फार मोठा घेऊ नका, मध्यम घ्या. कोंब आलेला नको. आणि अलिबागचा पांढरा मिळाला तर तो कोशिंबिरीला ठेवा, भज्यात वाया जातो.

कांदा चिरल्यावर किती वेळ ठेवायचा यावर घरोघरी वाद. आमच्या घरात मीठ लावून पंधरा मिनिटं. मशीनला मी म्हणीन अर्धा तास ठेवा, आणि सुटलेलं पाणी हलकं पिळून एका वाटीत काढा. फेकू नका. बेसन घातल्यावर लागलं तर त्यातलंच चमचाभर परत घालायचं. नळाचं नाही.

भावाचं मात्र कुणी विचारू नका.

---

चिमूटभर_हिंग (शनिवार, रात्री १०.०५)

गडीभाऊ, हे सोन्यासारखं लिहिलंत. वाटीत पाणी काढून ठेवायचं डोक्यातही आलं नव्हतं.

---

एडिसनकर (रविवार, पहाटे ५.३०)

अवांतर, पण महत्त्वाचं. इथला, म्हणजे अमेरिकेतला एअर फ्रायर आईसाठी पुण्याला आणायचा विचार कुणी करत असेल तर आणू नका. इकडे १२० व्होल्ट, तिकडे २३०. मी आणला, सोबत छोटा कन्व्हर्टरही आणला. पुण्यात वारज्याला पोचल्यावर जीव सोडला त्याने. १५०० वॉट झेपणारा कन्व्हर्टर एवढा जड असतो की त्याच्या वजनात दोन किलो चिवडा येतो.

---

पोह्याचा_पापड (रविवार, सकाळी ८.२०)

त्याला जोडून: १५०० वॉट भागिले २३० म्हणजे साडेसहा अँपिअर. साधा प्लग ६ अँपिअरचा. आमच्याकडे एक्स्टेन्शन बोर्डवर लावला होता, तिसऱ्या दिवशी बोर्डाचं प्लास्टिक पाघळलं. गिझर-फ्रिजचा जाड पिनांचा १६ अँपिअरचा सॉकेट असतो, त्यातच थेट लावा. कागदाबद्दल माफी. मी त्यात नगेट्स करतो, तिथे चालतो.

---

चिमूटभर_हिंग (रविवार, संध्याकाळी ६.४०)

तिसरा घाणा. कांदा पिळून घेतला, बेसन घातलं, कागद नाही, गोळे नाहीत. पसरट ठेवली. अंबाडा, तुमचं तेल मात्र मी पिठात न घालता वरून स्प्रेने मारलं, कारण सासूबाई शेजारी उभ्या होत्या आणि पळीने तेल घालायला हात धजला नाही.

निकाल: आकार आला! नांग्या आल्या! पण खाताना टाळूला बेसनाचं कोरडं पीठ चिकटतं. काही ठिकाणी तर पांढरे ठिपके तसेच, जसे लाडवाला बेसन कमी भाजलं की लागतं तसं. कच्चा वास येतोच.

पाच दिवस उरले.

---

सुगरण_नाही_मी (रविवार, रात्री ८.१०)

मी गेली दोन वर्षं करतेय, पण लिहायला संकोच वाटत होता कारण माझी भजी इथल्या काकूंच्या परीक्षेत नापास होतील. तरी लिहिते.

कच्चेपणा दोन गोष्टींनी जातो. एक, बेसन आधी कढईत मंद आचेवर तीन-चार मिनिटं नुसतं गरम करायचं. लाडवाला भाजतो तसं नाही, फक्त वास बदलेपर्यंत. दुसरं, मोहन. दोन टेबलस्पून तेल कडकडीत तापवून पिठावर ओतायचं, शंकरपाळ्याला घालतो तसं. चमच्याने कालवायचं, मग हाताने पिठाला चोळायचं. मूठ वळली की क्षणभर टिकली पाहिजे. हे पीठ मग कांद्यावर भुरभुरायचं. कांद्यात पीठ, पिठात कांदा नाही. कांद्याच्या प्रत्येक पाकळीला पातळ कोट बसला, की थांबायचं. परातीच्या तळाशी सुकं पीठ दिसलं तर जास्त झालं.

आणि तांदळाचं पीठ हवंच. बेसनाच्या पावपट.

सोडा नाही घालायचा.

---

विदर्भाची_झणझणीत (रविवार, रात्री ८.२५)

आमच्याकडं भजे म्हणतात आणि सोडा घातल्याशिवाय भजे होतच नाय. चिमूटभर घालून बघा ना ताई, हलके होतात.

---

गिरगावची_काकू (रविवार, रात्री ८.५०)

गोल भज्याला घाला हो, खेकड्याला नको. सोड्याने भजं फुगतं, आणि इथे फुगण्यासारखं पीठ आहेच कुठे? उलट तेल जास्त पितं. शिवाय नीट मिसळला नाही तर हळदीशी त्याची गाठ पडून मध्येच लालभडक ठिपके उठतात. माझ्या पहिल्या मंगळागौरीला मी असे ठिपकेवाले भजे पंगतीत वाढले होते. जाऊबाई अजून आठवण काढतात.

सुगरण, तुझी पद्धत परीक्षेत पास आहे. 'कांद्यात पीठ, पिठात कांदा नाही' हे मी वहीत लिहून घेतलं.

---

सुगरण_नाही_मी (रविवार, रात्री ९.०२)

काकू, स्क्रीनशॉट काढून नवऱ्याला पाठवला. :-)

---

चिमूटभर_हिंग (मंगळवार, रात्री ९.३०)

जमलं!

म्हणजे भजीच जमली असं अजून म्हणत नाही, पण चौथ्या घाण्याला ताटली रिकामी झाली आणि मुलाने "अजून आहेत का" विचारलं. तो कारल्यालाही विचारतो असं नाही. सगळं एकत्र लिहून ठेवते.

मध्यम उन्हाळ कांदे चार, चिरून साधारण ४०० ग्रॅम. उभे पातळ, पण कागदासारखे नाही. अगदी पातळ चिरलेल्या पाकळ्या आठव्या मिनिटालाच काळ्या पडतात हे आज कळलं. काडेपेटीतल्या काडीएवढ्या जाड ठेवल्या. पाऊण चहाचा चमचा मीठ लावून, पाकळ्या सुट्या करून अर्धा तास. हलकं पिळलं, तीनेक चमचे पाणी निघालं.

बेसन एक आमटीची वाटी सपाट, तांदळाचं पीठ पाव वाटी. बेसन गरम करून घेतलं, त्यात तिखट, हळद, हातावर चोळलेला ओवा, जाडसर कुटलेले धणे. दोन टेबलस्पून तेलाचं कडकडीत मोहन. (सासूबाई देवळात गेल्या होत्या.) कांद्यात हिरवी मिरची आणि कोथिंबीर. कोथिंबीर बारीक चिरली तर उडते आणि करपते, म्हणून कोवळ्या काड्यांसकट मोठी तोडली. मग पीठ भुरभुरून दोन्ही हातांनी वरखाली केलं, मळलं नाही. बाजूला काढलेल्या पाण्यातलं एकच चमचा परत लागलं. मीठ पाण्याबरोबर थोडं जातं, चव बघून चिमूटभर वाढवलं.

लगेच करायला घ्यायचं. दहा मिनिटं ठेवलं तर कांदा पुन्हा पाणी सोडतो. दुसऱ्या घाण्याचं पीठ म्हणून वेगळंच ठेवा, कांदा एकीकडे, पीठ एकीकडे.

मशीन १८० वर पाच मिनिटं रिकामं तापवलं. जाळीला ब्रशने तेल. तीन बोटांच्या चिमटीत मावेल एवढंच मिश्रण उचलून सोडायचं, दाबायचं नाही, सुगरणीच्या खोप्यासारखं विस्कटलेलं राहू द्यायचं. (पक्षी सुगरण.) माझ्या टोपलीत एका वेळी नऊ बसतात. एकमेकांना चिकटली तर तिथे मऊ राहतात. ८ मिनिटांनी बाहेर काढून उलटली, ब्रशने तेलाचा हात फिरवला, पुन्हा ५ मिनिटं. शेवटची २ मिनिटं २०० अंशावर. त्या दोन मिनिटांत समोरून हलू नका, रंग सोनेरीवरून तपकिरी आणि तपकिरीवरून वाया, हे सगळं तेवढ्यात होतं.

काढल्यावर ताटलीत नाही, चाळणीवर. ताटलीत स्वतःच्याच वाफेने मऊ पडतात.

---

अंबाडा (मंगळवार, रात्री ९.५५)

अनुमोदन. जाडीचं निरीक्षण छान आहे. तेलात अगदी पातळ पाकळी चालते कारण पाच मिनिटांत खेळ संपतो. इथे १५ मिनिटं उष्ण वारा लागतो.

---

पोह्याचा_पापड (बुधवार, सकाळी ९.१५)

चार जणांना एका वेळी नऊ भजी? बाकीचे काय ढेकर देत बसणार?

---

चिमूटभर_हिंग (बुधवार, सकाळी ११.००)

हीच खरी दुखरी बाजू. ४०० ग्रॅम कांद्याला तीन घाणे, म्हणजे पाऊण तास. वीज फार नाही, पाऊण तास सलग चाललं तरी एक युनिटच्या आसपास. पण वेळ! पाहुणे आले असतील तर मी स्वतः कढई चढवीन. पहिले दोन घाणे शेवटी एकत्र करून २०० वर दोन मिनिटं परत गरम केले तर पुन्हा कुरकुरीत होतात. हे मात्र कढईच्या भज्यांना जमत नाही, ती गार झाली की संपली.

---

एडिसनकर (बुधवार, संध्याकाळी ५.१०)

याच मशीनमध्ये बिर्याणीचा बिरिस्ता (वर घालतात तो कुरकुरीत तपकिरी कांदा) करून बघा. फक्त कांदा, चमचाभर तेल आणि किंचित मीठ, १५० अंशावर, दर चार-पाच मिनिटांनी हलवत. भज्यांपेक्षा तो जास्त चांगला होतो असं माझं मत. कांदा अर्ध्याहूनही खूप कमी होतो, त्यामुळे अंदाजाने दुप्पट नाही, चौपट चिरा. थोडा फिका असतानाच काढा, बाहेर आल्यावरही रंग चढतो. इथे शनिवारी भिशीला करते. अमेरिकन शेजाऱ्यांना कांदा म्हटलं की जाड चकत्यांना ब्रेडचा चुरा लावलेल्या रिंग्जच माहीत. त्यांना बिरिस्ता नुसता वाटीत दिला तर चिप्ससारखा खातात.

---

कढईभक्त (गुरुवार, रात्री ९.४५)

एक कबुली. आमच्या मुलीकडे हे यंत्र आहे. आज तिच्याकडे गेलो होतो, धागा उघडून तंतोतंत केलं. मोहन, चाळणी, काडेपेटीची काडी, सगळं.

सिंहगडावर पावसात भिजून चढल्यावर, चुलीच्या धुरात, पिठलं-भाकरी आणि मडक्यातल्या दह्यासोबत जी भजी मिळतात त्यांची सर याला नाही. तसं असतं तर लोक घाट चढले नसते.

पण पावात घालून, लसणाची कोरडी चटणी पेरून खाल्ली. दोन पाव. तिसऱ्याला मुलीने ताट उचललं. दुपारची उरलेली रात्री कढीत सोडली. तेलाचा तवंग आला नाही, आणि नांग्या अर्ध्या तासाने सुद्धा कढीत ताठ. कढीसाठी मी पक्षांतर केलं आहे. बाकी कढईच.

---

गिरगावची_काकू (गुरुवार, रात्री १०.००)

अरे वा! आयडी बदलणार का आता?

---

चिमूटभर_हिंग (शुक्रवार, रात्री १०.२०)

कांदेनवमी पार पडली.

थालीपीठं तव्यावर झाली, भरले कांदे झाले. भजी शेवटी, गरम द्यायची म्हणून. तीन घाणे आधी काढून ठेवले आणि बसायच्या वेळी परत तापवले. सासूबाईंनी पहिलं भजं हातात घेऊन उलटंपालटं केलं, कानाजवळ नेऊन मोडलं. 'कट्' असा आवाज आला. मी श्वास रोखलेला. चार खाल्ली. काही बोलल्या नाहीत. पाचवं घेताना विचारलं, "चुरा कुठाय?"

मला काही सुचेना. कढई नाही, झारा नाही, चुरा कुठून आणू? मग आठवलं. टोपली उचलली तर खालच्या भांड्यात जाळीतून गळलेल्या पाकळ्या पडल्या होत्या. तांबूस काळ्या, वेताच्या काड्यांसारख्या वळलेल्या, मूठभर. वाटीत काढून, वर चिमूटभर मीठ-तिखट टाकून दिल्या. त्या वाटी घेऊन खिडकीपाशी जाऊन बसल्या. बाहेर पाऊस होता. मुलगा जवळ गेला तर वाटी पदराखाली गेली.

नंतर स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, "भजी म्हणू नकोस याला. नाव दुसरं ठेव काहीतरी." आणि उरलेल्या कांद्याची टोपली शेजारच्या काकूंकडे पोचवायला मला पाठवलं.

---

सुगरण_नाही_मी (शुक्रवार, रात्री १०.३५)

पदराखाली वाटी, हसून हसून पुरेवाट! नाव: खेकडा खोपा?

---

विदर्भाची_झणझणीत (शुक्रवार, रात्री १०.४१)

हवाभजे.

---

निफाडचा_गडी (शुक्रवार, रात्री १०.५०)

हवाभजे भारी. चार महिने तुमच्याकडं कांदा बंद म्हणजे आमचं गिऱ्हाईक गेलं. कार्तिकी झाली की हजेरी लावा. पण तेव्हा लाल कांदा असेल, बेसनाचं माप विसरू नका.

---

पोह्याचा_पापड (शुक्रवार, रात्री ११.०५)

परवा एकादशी. साबुदाणावडे कढईत फुटून तेल अंगावर उडतं. मागच्या वर्षी हातावर फोड आला होता. यात फुटणार नाहीत ना? शेंगदाण्याचं कूट किती घ्यायचं?

---

कढईभक्त (शुक्रवार, रात्री ११.०८)

नवीन धागा काढा. मी विरोधात आहे, आत्ताच सांगून ठेवतो.